ढमीचं टायमिंग

ता. ६ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. त्यातलं शेवटचं वाक्य मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं आणि तुझ्या भाचीलाही वाचायला लावलं, म्हणजे उद्या तू शब्द फिरवलास तर घरात एक साक्षीदार असावा. तू लिहितेस की तुमच्याकडे कायमची राहायला यायला माझी ना नाही, पण येईन ती अण्णांच्या गाडीत बसून, आणि गाडी छोटूने स्वतः चालवत आणलेली असली पाहिजे. हे तू मला वाटेला लावायला लिहिलं आहेस हे न कळण्याइतका मी भोळा नाही. तू जन्मभर बस डेपोच्या वर्कशॉपमध्ये इंजिनं उघडलीस आणि मी जन्मभर लोकांच्या कंबरा मोजल्या. तेव्हा छोटूच्याने काही हे होत नाही, असा तुझा हिशोब. पण तिसऱ्या मजल्यावरच्या त्या खोल्यांत, तो गुडघा घेऊन तू जिने चढतेस, हे आठवलं की माझा घास तोंडात फिरतो. म्हणून मी अट मान्य केली आहे.

ढमीवरचं कापड काढलं. अण्णांनी तिला हे नाव ठेवलं तेव्हा आई किती चिडली होती, आठवतं? अजूनही तशीच आहे, गोल आणि हट्टी. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने ब्रेक करून दिले, पेट्रोलची टाकी धुतली, कार्बोरेटर साफ केला, नवी बॅटरी बसवली. टायमिंगचं नाव काढल्यावर मात्र त्याने हात वर केले. अण्णांनी जायच्या आधी डिस्ट्रिब्युटर उपसून फडक्यात बांधून ठेवला होता, तो तसाच आहे. गॅरेजवाला म्हणाला की आम्ही आता गाडीला कॉम्प्युटर जोडतो आणि तो सांगेल ते करतो, ह्या बाईंना कुठे काय जोडू. म्हणजे आता तू आणि मीच.

तेव्हा टायमिंग कसं लावायचं ते सविस्तर लिही. फोनवर सांगू नकोस, फोनवरचं माझ्या डोक्यात राहत नाही. लेक बरी आहे, सकाळी लवकर ऑफिसला जाते. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि दिवसा तर मी आणि शिलाई मशीन.

माया आहेच, ती उत्तराला उशीर करून ताणू नकोस.

तुझा
छोटू


ता. १४ जानेवारी

चि. छोटूस,
अ. उ. आ.

साक्षीदार ठेवावा लागण्याइतकी मी बदनाम आहे हे वाचून करमणूक झाली. शब्द दिला आहे, तो पाळेन. पण दोरी बांधून ओढत आणलीस किंवा ड्रायव्हर बसवून आलास, तर मी गॅलरीतून हात हलवीन आणि आत जाईन.

रविवारी मी फोन केला होता. मी प्लग कोणते घातलेस विचारलं आणि तू सांगितलंस की हो, आता थंडी कमी झाली. तेव्हा पत्रच बरं, हे मलाही पटलं.

आता नीट वाच. डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलंस की आत दोन छोटे पॉइंट दिसतील, एकमेकांना चिकटणारे आणि सुटणारे. ते सुटतात त्या क्षणी ठिणगी पडते. सगळी गंमत त्या क्षणाची आहे. आधी त्या दोघांतली फट लावायची, पूर्ण उघडलेले असताना, अण्णांच्या डब्यातल्या पात्यांच्या मापाने. पातं जेमतेम घासत जायला हवं. फट आधी आणि टायमिंग नंतर. हा क्रम मोडायचा नाही.

मग सगळे प्लग काढ. पहिल्या सिलिंडरच्या भोकावर अंगठा धर आणि लेकीला पुढून हँडल फिरवायला सांग, सावकाश. पिस्टन वर येतो तो एकदा धूर बाहेर टाकायला आणि एकदा दाब द्यायला. आपल्याला दाबाचा हवा. हवा अंगठा ढकलून फुस्स करून निघाली की समज तोच. मग खालच्या पुलीवरची खाच शेजारच्या खुणेसमोर येईपर्यंत फिरव. खुणा तीन आहेत, त्यातली आधी येणारी धर. पुढे गेली तर मागे वळवून आणायची नाही, पूर्ण फेरी मारून पुन्हा यायचं, कारण आतली साखळी सैल असते. आता डिस्ट्रिब्युटर बसव, त्याचा रोटर पहिल्या सिलिंडरच्या वायरीकडे तोंड करून असला पाहिजे. पॉइंटच्या वायरीला आणि गाडीच्या अंगाला एक छोटा दिवा जोड. डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवत जा. दिवा लागला की तिथेच थांब आणि नट आवळ.

माझं चाललंय. सकाळी डेपोत जाते, वर्कशॉपमधली पोरं मला अजून खुर्ची देतात आणि माझ्याशी भांडतातही, त्यामुळे दिवस बरा जातो. गुडघा आहे तसाच आहे.

राग न मानता वाचशील आणि जीव लावशील, एवढीच आशा.

तुझी
ताई


ता. २३ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू लिहिलंस तसं केलं. एकूण एक. लेकीने हँडल फिरवलं, अंगठ्याला फुस्स झालं, खाच खुणेवर आली, दिवा लागला, मी नट आवळला. मग प्लग घातले, आत बसलो, किल्ली फिरवली. आणि ढमीने कार्बोरेटरमधून असा बार काढला की समोरचे निवृत्त हेडक्लार्क बनियनवर रस्त्यात आले. मी पुन्हा किल्ली फिरवली, पुन्हा बार. बॉनेटखालून धूर आला. हेडक्लार्कांनी बादली आणली, ती मी मोठ्या मुश्किलीने परत पाठवली.

लेक हसून हसून बाकावर बसली. मला मात्र हसू आलं नाही. ताई, एक विचारतो, रागावू नकोस. तुला यायचं नाही म्हणून तू एखादी पायरी गाळली नाहीस ना? तुझ्या खोल्या, तुझा डेपो, ती खुर्ची, हे सगळं सोडायचं तुझ्या जिवावर येत असणार. तसं असेल तर सरळ लिही. मी गाडीवर पुन्हा कापड घालीन आणि तुला त्रास देणार नाही.

हात अजून पेट्रोलच्या वासाचे आहेत. गिऱ्हाइकाच्या शर्टाला लागेल म्हणून दोन दिवस मशीनला हात लावला नाही.

लोभ कमी झाला नसेल असं धरून चालतो.

छोटू


ता. ३१ जानेवारी

चि. छोटूस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी मी भांडी घासली, मग लिहायला बसले, कारण आधी लिहिलं असतं तर तू रडला असतास.

मला यायचं आहे का, हे तू विचारलंस म्हणून सांगते. फारसं नाही. इथे दार लावलं की सगळं माझं असतं. तुमच्याकडे आले की मी कुणाचीतरी जबाबदारी होईन, माझ्या औषधांची वेळ कुणीतरी विचारेल, मला ते नको आहे. पण ते मी तुला शब्दांत सांगेन. इंजिनाच्या बाबतीत मी आजवर कुणाला खोटं सांगितलेलं नाही, आणि सख्ख्या भावापासून सुरुवात करणार नाही. हे एकदा कायमचं डोक्यात घाल.

आता मला सांग, पहिला सिलिंडर तू कोणता धरलास? मी सांगते. तू गाडीत बसून मोजलास. आपल्या जवळचा तो पहिला. अण्णा स्टिअरिंगवर बसून तुला मांडीवर घेऊन मोजायला शिकवायचे, तेव्हापासून तुझं सगळं मोजणं ड्रायव्हरच्या सीटपासून सुरू होतं. घरातल्या खोल्यासुद्धा तू तुझ्या खोलीपासून मोजतोस. बाबा रे, इंजिन रेडिएटरकडून मोजतात. तू अंगठा ठेवलास शेवटच्यावर आणि वायर जोडलीस पहिल्याची. दोघे पिस्टन एकदम वर येतात, पण एक दाब देत असतो तेव्हा दुसरा धूर टाकत असतो. म्हणजे ठिणगी बरोबर उलट्या वेळी पडली. बार निघेल नाही तर काय होईल.

पुन्हा कर, रेडिएटरच्या शेजारचा धरून. आणि तू विचारलं नाहीस तरी सांगते की खूण थोडी आधीची का धरायची. पेट्रोल ठिणगी पडल्या पडल्या सगळं जळत नाही, पेटायला जरा वेळ घेतं. गॅसवर तवा आधी ठेवतात तसंच ते. पिस्टन माथ्यावर पोचायच्या जरा आधी ठिणगी पडली, तर बरोबर तो खाली निघताना धक्का बसतो. उशिरा पडली तर गाडी आळशी होते आणि तापते. फारच आधी पडली तर पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यात हाणल्यासारखं होतं, चढावर इंजिन खणखणतं आणि काही दिवसांनी पिस्टनच फुटतो. तेव्हा खुणेवर म्हणजे खुणेवर. तुझ्या अंदाजाने नाही.

हेडक्लार्कांना माझा नमस्कार सांग. बादली घेऊन धावणारा शेजारी सगळ्यांना मिळत नाही.

रागावले असले तरी आपलं माणूस म्हणूनच रागावले आहे.

ताई


ता. ११ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ढमी चालू झाली. पुन्हा लिहितो, ढमी चालू झाली. किल्ली फिरवली, दोनदा खोकली आणि लागली. लेकीने मला मिठी मारली आणि हेडक्लार्क ह्या वेळी शर्ट घालून आले. मी तुझ्यावर संशय घेतला त्याबद्दल कान पकडतो. तो सिलिंडर मी खरंच सीटवरून मोजला होता.

काल पाण्याच्या टाकीच्या चढावर नेली. काय सांगू तुला. लोण्यातून सुरी जावी तशी गेली, एक आवाज नाही. आपल्या वेळच्या गाड्या अशा शांत नव्हत्या, मला वाटतं तू सांगितलेलं टायमिंग अण्णांपेक्षाही बरोबर बसलं. लेक बाजूला बसून काहीतरी म्हणत होती, पण मी रस्त्याकडे बघत होतो.

एक गोष्ट मी माझ्या अक्कलहुशारीने केली, ती तुला आवडेल. सगळं लावून झाल्यावर मनात आलं की हे पॉइंट घासत जाणार आणि फट कमी होत जाणार. शाळेच्या मुलांच्या गणवेशाला आपण शिवणीत माया सोडतो ना, पोरगं वाढलं तरी पुरावं म्हणून? तशी मी फटीत थोडी माया सोडली. आता वर्षभर बघायला नको.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी तुला न्यायला येतो. तुझी खोली मागच्या बाजूची, उन्हाची. पडदे मी स्वतः शिवले आहेत, लेकीला रंग आवडला नाही, तुला आवडेल. सामान थोडं घे, बाकीचं नंतर आणू.

वाट बघणाऱ्या माणसाचा नमस्कार, मोठ्या जिवाने स्वीकार.

तुझा
छोटू


ता. १३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र मी ऑफिसातून लिहिते आहे, बाबांना माहीत नाही. त्यांचं पत्र तुला मिळालं असेल, त्यात सगळा आनंदी आनंद असेल. तो खराच आहे. गाडी लागली त्या दिवशी ते शिट्टी वाजवत शिवत होते. पण मला तुझ्याशी दुसरं बोलायचं आहे.

आत्या, बाबांचं काहीतरी बिघडतं आहे. मला वाटतं विसरायला लागले आहेत. गेल्या महिन्यात शिट्टीची किटली गॅसवर ठेवून शेजारीच पेपर वाचत बसले, पाणी आटून किटली काळी झाली. दारावरची बेल वाजते आणि ते उठत नाहीत. मी रात्री सांगितलेलं सकाळी आठवत नाही, आणि उलट म्हणतात की तू सांगितलंच नव्हतंस. गिऱ्हाईक बाही कमी करा म्हणून गेलं आणि बाबांनी कॉलर केली. विचारलं एक की उत्तर देतात दुसरंच, आणि मग हसून वेळ मारून नेतात. मी शेजारच्या काकूंशी बोलले, त्या म्हणाल्या की त्यांच्या सासऱ्यांचं असंच सुरू झालं होतं आणि शेवटी ते घरच्यांना ओळखत नव्हते. तेव्हापासून मला धड झोप नाही.

त्यातच मला ऑफिसने वरची जागा देऊ केली आहे, पण दुसऱ्या शहरात. ह्या महिनाअखेर हो की नाही सांगायचं आहे. बाबांना सांगितलेलं नाही. मी नाही म्हणून कळवायचं ठरवलं आहे. मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू, दोन वर्षं मी त्या जागेसाठी खपले. पण त्यांना असं एकटं टाकून मी कशी जाऊ. तू येणार आहेस हे खरं, पण मग तुझ्या डोक्यावर हे ओझं देऊन मी पळून गेल्यासारखं होईल. म्हणून तूच सांग, तू यायचं का, हे सगळं कळल्यावर.

गाडीचंही एक आहे. चढावर ती आवाज करते. बाबांच्या बटणांचा पत्र्याचा डबा कुणीतरी खळखळा हलवावा तसा, बारीक आणि कडक. मी दोनदा म्हटलं की बाबा, हे काय वाजतंय. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली आणि म्हणाले की हो, हवा छान सुटली आहे.

तुझ्या उत्तरावर माझा जीव टांगला आहे, एवढं ध्यानात असू दे.

तुझी
चिमणी


ता. १८ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझं आणि तुझ्या बापाचं पत्र एकाच दिवशी आलं, आणि ते शेजारी शेजारी ठेवून वाचलं हे फार बरं झालं. ऑफिसला काहीही कळवू नकोस. आधी हे वाच.

तुझा बाप लिहितो की चढावर गाडीचा एक आवाज नाही. तू लिहितेस की डबा खळखळतो. इंजिन तुझ्याशी वेगळं आणि त्याच्याशी वेगळं बोलत नाही. आवाज आहेच, आणि का आहे तेही मला माहीत आहे. त्याने टायमिंग लावून झाल्यावर पॉइंटची फट वाढवली, शिवणीत माया सोडतात म्हणून. असली चूक जगात फक्त शिंपीच करू शकतो. फट मोठी झाली की पॉइंट लवकर सुटतात आणि ठिणगी फार आधी पडते. त्याचीच ती खणखण. तेव्हा तो आवाज शेजारी बसलेल्या माणसाच्या दातात शिरण्याइतका मोठा असणार, आणि तुझ्या बापाला तो ऐकू आलेला नाही.

आता किटलीची शिट्टी, दारावरची बेल आणि हा आवाज, तिन्ही एका ओळीत ठेव. सगळे बारीक, चिरके आवाज आहेत. डेपोत आमच्यातल्या निम्म्या लोकांचे कान म्हातारपणी असेच गेले, आधी वरचे आवाज जातात. माणसाचं बोलणं येतं पण शब्दांच्या कडा येत नाहीत, बाही आणि कॉलर सारखंच वाटतं. तो विसरत नाही ग. त्याला जे ऐकूच आलं नाही ते तो आठवणार कुठून. मला महिनाभर फोन नको, पत्र लिही म्हणतो, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. आणि मी पत्रात टायमिंगची एवढी पायऱ्या पायऱ्यांची विद्या सांगितली ती त्याने नटासकट लक्षात ठेवून केली. डोकं गेलेला माणूस हे करत नाही.

खात्री करून घे. तो शिवत नसताना मागे उभी राहा आणि किल्ल्यांचा जुडगा हळू हलव. मग समोर येऊन, तोंड दिसेल असं, त्याच आवाजात काहीतरी गमतीचं सांग आणि दुसऱ्या दिवशी ते आठवतं का बघ. मग कानाच्या डॉक्टरांकडे ने. आणि गाडी चढावर अजिबात नेऊ देऊ नकोस, पिस्टन फुटेल.

शेजारच्या काकूंचं सगळं ऐकत जाऊ नकोस. जागा सोडायची नाही.

तुझ्यावरचा माझा जीव तुला ठाऊकच आहे, तो कागदावर मोजून देत नाही.

आत्या


ता. २४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

जीव भांड्यात पडला. किल्ल्यांना ते वळलेही नाहीत. मग समोर बसून मी त्यांना आमच्या साहेबांच्या केसांच्या टोपाची गोष्ट सांगितली, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी ती हेडक्लार्कांना माझ्यापेक्षा रंगवून सांगितली. मी स्वयंपाकघरात जाऊन रडले, पण ते रडणं चांगलं होतं.

डॉक्टर म्हणाले की बारीक आवाज दोन्ही कानांनी कमी येतात, डावा कान त्यातल्या त्यात बरा आहे. यंत्र लावलं की बोलणं नीट कळेल, गाडी चालवायलाही हरकत नाही. डोक्याला काही झालेलं नाही, हे मी त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

पण बाबा कोसळले आहेत. त्यांना ठाऊक होतं आत्या, वर्षभर तरी ठाऊक होतं. लोक म्हणतील बहिरा शिंपी माप चुकवतो, म्हणून लपवत होते. गाडीच्या आवाजाबद्दल मी सांगितलं तेव्हा तर चेहराच उतरला. म्हणाले की मला वाटलं मी ती एवढी सुरेख लावली. ढमीच्या गॅरेजचं दार ओढून घेतलं आहे. तुला कळवू नकोस म्हणून मला शपथ घातली, ती मी आत्ता मोडते आहे. नव्या जागेचं मी त्यांना सांगितलं तर ते म्हणाले जा, खुशाल जा, आणि तोंड फिरवून शिवायला बसले.

तू सांगशील तसं करीन. मला ओरडलीस तरी जवळची मानून ओरड.

चिमणी


ता. २५ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ढमीला बरं नाही. जुनं यंत्र, त्याच्यावर किती भरवसा ठेवायचा. रविवारी येणं जमणार नाही, आणि पुढेही जमेल असं दिसत नाही. तुझी अट मी पुरी करू शकलो नाही, तेव्हा तूही शब्दात अडकू नकोस. तुझं तिथे बरं चाललं आहे, डेपो आहे, खुर्ची आहे. इथे येऊन तुला कुणाचंतरी बघत बसावं लागायचं.

लेकीला चांगली जागा मिळाली आहे, ती पुढच्या महिन्यात जाईल. मी मजेत आहे. पडदे काढून ठेवतो, उन्हाने विटतील.

जिने जपून उतरत जा. इतकंच.

छोटू


ता. १ मार्च

चि. छोटूस,
अ. उ. आ.

पडदे काढू नकोस. काढले असशील तर परत लाव.

मला सगळं कळलं आहे. चिमणीने सांगितलं, आणि तिने शपथ मोडली म्हणून तिला काही बोललास तर माझ्याशी गाठ आहे. ती पोर महिनाभर समजत होती की आपल्या बापाचं डोकं चाललं आणि हातची जागा सोडायला निघाली होती. तू कान लपवलेस आणि तिने रात्री जागून काढल्या. एवढं एक तुला बोलायचं होतं, ते बोलून झालं.

आता दुसरं. तू लिहितोस की मला कुणाचंतरी बघत बसावं लागेल. मी तीच भीती धरून बसले होते, फक्त दुसऱ्या बाजूने. तुमच्या घरात कुणीतरी माझं करत बसेल, ह्या विचाराने मी तुला ती अट घातली, आणि ती तुझ्याच्याने होणार नाही अशी माझी खात्री होती. आणि तू करून दाखवलंस. अंगठा लावून, दिवा जोडून, बार खाऊन, पुन्हा करून. हाताखाली शिकलेल्या पोरांनासुद्धा जे दुसऱ्या खेपेला जमत नाही ते तू पत्र वाचून केलंस. मला तुझा अभिमान वाटला, आणि तो मी तुला कळवला नाही कारण मग सामान बांधावं लागलं असतं. आता कळवते.

गाडीला काहीही झालेलं नाही. फट पुन्हा मापाने लाव, माया न सोडता, आणि मग दिव्याने खुणेवर आण. त्याने बरंचसं काम होईल. पण पेट्रोल आता पूर्वीचं राहिलेलं नाही आणि ढमीही, त्यामुळे शेवटचा केसभर फरक खुणेने लागत नाही, तो रस्त्यावरच लावावा लागतो. चढावर न्यायची, खणखण आली की थांबून डिस्ट्रिब्युटर जरासा मागे घ्यायचा, पुन्हा चढायचं, आवाज गेला की नट आवळायचा. हे काम आजवर एकट्याने अण्णांनी केलं असेल, पण ते एकट्याचं नाहीच. एकाने चालवायचं आणि एकाने ऐकायचं. मला चालवता येत नाही, हा गुडघा क्लच दाबू देत नाही. माझे कान मात्र अजून शाबूत आहेत, डेपोतल्या पोरांना विचार.

तेव्हा अट मी घातली होती आणि मीच मोडते आहे. मी बसने येते, येत्या शनिवारी, दुपारच्या गाडीने. खोल्यांच्या किल्ल्या घरमालकाला देऊन टाकल्या. वर्कशॉपमधल्या पोरांनी ती खुर्ची टेम्पोत घालून पाठवायचं ठरवलं आहे, तिला जागा करून ठेव. चिमणीला सांग की आत्या तिच्यावर उपकार म्हणून येत नाही, तिने निर्धास्त जावं आणि बापाला पत्र लिहीत राहावं.

बस स्टँडवर ढमी घेऊन ये. सावकाश आण, सपाट रस्त्याने. यंत्र कानात घातलंस तर उत्तम, नाही घातलंस तर तेही मी घालीन. सामान मागे टाक. मी मागे बसणार नाही. डॉक्टर म्हणाले तुझा डावा कान बरा आहे, माझी जागा त्याच बाजूला आहे.

तुझी
ताई